‘लातूरला एक थेंबही मिळाला नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

परवा रात्री घरच्या ग्रुपवर माझ्या भाच्याने एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, "मावशी, हे खरं आहे का? पॉइंट तर बरोबर वाटतोय." मेसेज नवा नाही. आयपीएल सुरू झाली, उन्हं तापायला लागली की तो दरवर्षी कुठून तरी वर येतो. आजवर मी तो अर्धवट वाचून पुढे जात होते. या वेळी मात्र तो लातूरहून आला. २०१६ च्या उन्हाळ्यात घरात पाणी नाही म्हणून ज्या पोराला आम्ही पुण्याला आणून ठेवलं होतं, त्याच्याच हातून आला. तेव्हा तो दुसरीत होता, आता बारावीत आहे. त्याला आठवत नसेल तर त्याचा दोष नाही. पण सांगायला हवं, म्हणून एकदाचं बसून लिहिते.

मेसेज ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१६ मध्ये दुष्काळाचं निमित्त करून आयपीएलचे तेरा सामने महाराष्ट्राबाहेर घालवले. त्याने लातूरला एक थेंबही जास्त मिळाला नाही. राज्याचे शंभर कोटी बुडाले. मैदानांना सांडपाणीच वापरणार होते. संघ पाच-पाच कोटी मदत देणार होते, तीही गेली. उसाला कोणी हात लावला नाही. न्यायालयाने नको तिथे नाक खुपसलं. जगात असं कुठेही होत नाही. आणि शेवटी ठळक अक्षरांत: पाण्यावाचून कोणी मेलं नव्हतं, सगळा मीडियाने केलेला बाऊ.

थेंबापासून सुरू करते, कारण भाच्याला पटलेला मुद्दा तोच आहे.

वानखेडेच्या खेळपट्टीवरचं पाणी पाइपातून लातूरला जाणार होतं असं कोणीच म्हटलं नव्हतं. लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, त्यात तीन शहरांतल्या मैदानांसाठी मिळून साठ लाख लिटर पाणी लागेल असा आकडा होता. हा आकडा राज्याच्या तहानेपुढे लहान आहे, हे मान्य. पण लहान म्हणजे किती, ते तरी बघा. खेड्यात टँकर लावतात तेव्हा माणशी वीस लिटर धरतात. त्या हिशेबाने साठ लाख लिटर म्हणजे तीन लाख माणसांचं एका दिवसाचं पाणी. बारा हजार लिटरचे टँकर धरले तर पाचशे टँकर. मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली तिला दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, होत्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे सगळं मिळून पाच लाख लिटर. साठ लाख म्हणजे तशा बारा गाड्या. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून पाच लाख लिटर आणायला राज्य सरकार आणि रेल्वे कामाला लागली होती, कोट्याहून धुऊन-पुसून वाघिणी आणल्या होत्या. त्याच महिन्यात बारा गाड्यांचं पाणी हिरवळीवर मारायचं का, एवढाच प्रश्न होता.

तारखाही शेजारी-शेजारी ठेवून बघा. ९ एप्रिलला वानखेडेवर मोसमाचा पहिला सामना झाला. १२ एप्रिलला पहाटे ती गाडी लातूरच्या स्टेशनात शिरली. १३ एप्रिलला न्यायमूर्ती विद्यासागर कानडे आणि न्यायमूर्ती मकरंद कर्णिक यांच्या खंडपीठाने आदेश दिला की ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. आयोजकांना दोन आठवड्यांहून जास्त वेळ दिला. त्याआधीचे सामने मुंबई-पुण्यात झालेच. १ मेचा पुण्यातला सामना हलवणं अवघड आहे अशी विनंती क्रिकेट मंडळाने, म्हणजे बीसीसीआयने, केली, तर त्यालाही परवानगी मिळाली. ‘आयपीएलच बंद पाडली’ असं जे पसरवलं जातं त्यात काडीचं तथ्य नाही. त्या मोसमात कोहलीने ९७३ धावा काढल्या, त्या आजही लोकांना तोंडपाठ आहेत. पुण्याचा संघ विशाखापट्टणमला खेळला. अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळुरूला झाला आणि हैदराबादने चषक नेला. स्पर्धा पहिल्यापासून शेवटपर्यंत झाली, फक्त जागा बदलली. आमचं घर क्रिकेटवेडं आहे. पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर सामन्याला जायचं आमचंही ठरलं होतं, ते राहिलं. आमचं नुकसान इतकंच झालं.

‘न्यायालयाचा काय संबंध’ या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे, पण ते भक्कम आहे. तेव्हा महाराष्ट्राचं स्वतःचं राज्य जलनीती नावाचं धोरण होतं, २००३ सालचं. पाणी कोणाला आधी आणि कोणाला नंतर, याचा क्रम त्यात लिहून ठेवलेला होता. पहिला क्रमांक घरगुती वापराचा: पिणं, स्वयंपाक, स्वच्छता, आणि त्यातच जनावरांचं पाणी. त्यानंतर उद्योग आणि शेती. त्या दोघांत वर कोण यावर पुढे बरीच ओढाताण झाली, २०११ मध्ये शेतीला वर आणलं. करमणूक या सगळ्यांच्या खाली. आयपीएल ही करमणूक आहे, मला अतिशय प्रिय असलेली करमणूक, आणि तिची जागा त्या यादीत सरकारनेच ठरवलेली होती. न्यायालयाने नवा कायदा केला नाही. पिण्याचं पाणी आधी, हे राज्याने मान्य केलेलंच तत्त्व होतं. शिवाय तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी निकालाच्या आधीच सांगितलं होतं की सामने बाहेर गेले तरी आमची हरकत नाही आणि मैदानांना पिण्याचं पाणी देणार नाही. एप्रिलच्या अखेरीस क्रिकेट संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तिथेही त्यांना दिलासा मिळाला नाही. तेव्हा ‘एका न्यायालयाने राज्यावर लादलं’ हे खोटं आहे.

सांडपाण्याचा मुद्दा. हो, रेसकोर्सवरचं प्रक्रिया केलेलं पाणी टँकरने आणून मैदानावर वापरू, असं मंडळाने न्यायालयात सांगितलं. चांगली गोष्ट होती. पण हे सुचलं कधी? याचिका दाखल झाल्यावर, न्यायमूर्तींनी प्रश्न विचारल्यावर, पहिला सामना होऊन गेल्यावर. लातूरमध्ये पाण्यावरून कलम १४४, म्हणजे जमावबंदी, मार्चमध्येच लागलं होतं. दुष्काळ काही एप्रिलमध्ये आकाशातून पडला नव्हता. सलग दोन पावसाळे वाईट गेले होते. सामन्यांचं वेळापत्रक आखताना कोणाच्या मनात हा विचार आला असता तर कदाचित याचिकेची वेळच आली नसती.

आणि ‘पिण्यायोग्य नसलेलं पाणी’ हा शब्द जे सहज वापरतात त्यांना मला विचारायचंय, तुमच्या घरात दिवसभरात पिण्याला किती पाणी लागतं आणि बाकीच्याला किती? संडासात ओतायला, लादी पुसायला, म्हातारीचे कपडे धुवायला, दावणीच्या गाईला जे पाणी लागतं ते बाटलीतलं नसतं. दुष्काळात पिण्यायोग्य नसलेलं पाणीसुद्धा विकत घ्यावं लागतं.

आता तो शेवटचा, ठळक अक्षरांतला मुद्दा. बाकी सगळे मुद्दे चुकीचे आहेत, हा मुद्दा वाईट आहे. तो वाचून माझे हात थरथरले. पाण्यावाचून कोणी मेलं नव्हतं म्हणे.

त्याच एप्रिलमध्ये बीड जिल्ह्यात बारा वर्षांची एक शाळकरी मुलगी रणरणत्या उन्हात हातपंपावर पुन्हा पुन्हा पाणी भरायला जात होती, तिथेच कोसळली आणि गेली. कागदावर ते मरण उष्माघाताचं लागलं. नळाला पाणी असतं तर ती भर दुपारी हातपंपावर असती का? राज्य सरकारच्या महसूल खात्याच्या नोंदींप्रमाणे २०१५ या एका वर्षात महाराष्ट्रात ३,२२८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. प्रत्येकीमागे दुष्काळच होता असं मी म्हणणार नाही, कर्ज असतं, भाव असतो, घरातलं काही असतं. पण दुष्काळाशी त्याचा संबंधच नाही असं ज्याला म्हणायचंय त्याने मराठवाड्यातल्या एखाद्या घरात जाऊन ते म्हणून दाखवावं.

आणि मरणाच्या अलीकडेही बरंच काही असतं. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पावणेचार लाखांच्या वर वस्तीचं शहर, त्याचे नळ बंद करून महापालिका टँकरने पाणी देत होती. माझ्या ताईच्या, म्हणजे भाच्याच्या आईच्या, गल्लीत टँकर यायचा आठ-दहा दिवसांनी, घरटी दोनशे लिटर. घरात माणसं पाच. म्हणजे माणशी दिवसाला चार-पाच लिटर, त्यात सगळं आलं. उरलेलं विकत. जिल्हाधिकाऱ्यांनी पाण्याच्या टाक्यांजवळ आणि टँकर भरण्याच्या ठिकाणी पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायला बंदी केली होती, कारण भांडणं रक्तापर्यंत जाऊ शकतात ही भीती होती. दंगलीत लावतात ते कलम पाण्याच्या रांगेला लावलं होतं.

ताईने जिन्याखाली निळं पिंप ठेवलं होतं आणि त्याच्या झाकणाला साखळी घालून कुलूप लावलं होतं. तिच्या एकटीच्या नाही, गल्लीतल्या बऱ्याच पिंपांना होतं. किल्ली आईच्या कमरेला. पाहुणा आला तर आधी पाण्याचं विचारायचं की नाही, हा प्रश्न आमच्या आईसारख्या बाईला पडावा? तिने आयुष्यभर दारात आलेल्या पोस्टमनलाही तांब्याभर पाण्याशिवाय जाऊ दिलं नव्हतं. घरात पत्रावळी आणून ठेवल्या होत्या, भांडी घासायला लागू नयेत म्हणून. भाजी धुतलेलं पाणी पाय धुवायला, पाय धुतलेलं संडासात. शिकवण्यांसाठी बाहेरगावाहून आलेली मुलं खोल्या सोडून गावी गेली होती. ताईकडे वरच्या मजल्यावर तीन भाडेकरू मुली होत्या, त्यांना तिनेच रडत रडत परत पाठवलं.

आणि भाचा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्याला घेऊन आले. पुण्यातही तेव्हा दिवसाआड पाणी होतं, पण बादली भरत होती. पहिल्या सकाळी तो आंघोळीला गेला आणि आतून हाक मारली, "मावशी, घमेलं कुठंय?" मला कळेना. मग समजलं, घरी तो घमेल्यात उभा राहून आंघोळ करायचा. अंगावरून पडलेलं पाणी घमेल्यात साठायचं आणि ते आजी संडासासाठी उचलून न्यायची. मी म्हटलं, इथे नको रे, जाऊ दे पाणी मोरीत. तो तसाच उभा, अंगावर तांब्याही घेईना. शेवटी मी परात दिली. सात वर्षांचं पोर परातीत उभं राहून दोन तांब्यांत आंघोळ उरकून बाहेर आलं आणि परात सांडू नये म्हणून मला हाक मारत राहिलं. पुढचे चार-पाच दिवस हेच चाललं.

त्याच पोराच्या हातून ‘सगळा बाऊ’ हे शब्द माझ्यापर्यंत आले. माझा राग त्याच्यावर नाही. हे ज्याने लिहिलं, त्याच्यावर आहे.

शंभर कोटींचं बघू. हा आकडा आला कुठून? सामने हलवले तर महाराष्ट्राचं शंभर कोटींचं नुकसान होईल, असं मंडळाचे तेव्हाचे सचिव अनुराग ठाकूर म्हणाले होते. म्हणजे ज्यांना सामने इथेच हवे होते त्यांचाच हा अंदाज. मेसेजमध्ये तो झालेला तोटा म्हणून फिरतो आहे. तरी एक मान्य करते. मैदानाबाहेर टोप्या, झेंडे, वडापाव विकणाऱ्यांची मे महिन्याची कमाई गेली. ते नुकसान खरं होतं, आणि त्यांची भरपाई कोणी केली नाही. त्यांच्या नावाने कोणी मेसेज लिहिला असता तर मी पुढे पाठवला असता.

पाच-पाच कोटींच्या मदतीबद्दल फार बोलायची गरज नाही. मुंबई आणि पुण्याच्या संघांनी मुख्यमंत्री निधीला ती देऊ केली होती, पण सामने राज्यातच राहावेत यासाठीच्या युक्तिवादात. सामने होवोत न होवोत, देता आलीच असती. आणि मे महिन्यात लातूरला पैशांची नाही, पाण्याची वानवा होती. चाळीस-पन्नास किलोमीटरच्या परिसरात विकत घ्यायला पुरेसं पाणी असतं तर मिरजेहून रेल्वे कशाला आणावी लागली असती?

उसाचं मात्र खरं आहे. मनाविरुद्ध म्हणते, कारण मेसेजवाल्याने तो मुद्दा उसाच्या काळजीने घातलेला नाही. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने लिहून ठेवलंय की महाराष्ट्रात पिकाखालच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आहे आणि सिंचनाचं जवळपास सत्तर टक्के पाणी तो घेतो. दुष्काळी मराठवाड्यात साखर कारखान्यांवर कारखाने उभे राहिले, कूपनलिका हजार फुटांखाली गेल्या. या पापात सगळे पक्ष आहेत, आणि आमच्यासारखी घरंही आहेत. ताईच्या सासरी दोन एकर ऊस होता, २०१४ पर्यंत. तेव्हा क्रिकेटला धरलं आणि उसाला सोडलं, ही तक्रार रास्त आहे. तसंच काही सामने ज्या राज्यांत गेले तिथेही त्या वर्षी दुष्काळ होता, कर्नाटकात तर होताच. हेही खरं. पण यातून निघतं काय? उसालाही धरा, बंगळुरूलाही विचारा, हे निघतं. ‘म्हणून मैदानाला पाणी द्या’ हे कसं निघालं? एका चुकीकडे दुर्लक्ष झालं म्हणून दुसरी करायला मोकळीक मिळते, असं आमच्या घरात तरी कोणी शिकवलं नाही.

राहिलं ‘जगात कुठे असं होत नाही’. होतं. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ न्यूयॉर्कवर आदळलं. पुढच्या रविवारी, ४ नोव्हेंबरला, तिथली प्रसिद्ध मॅरेथॉन होती. जगभरातून हजारो धावपटू येऊन पोचले होते. महापौर मायकेल ब्लूमबर्ग सुरुवातीला ठाम होते की शर्यत होणारच. त्यांचंही म्हणणं हेच होतं की शहराला कमाई मिळेल आणि मदतकार्यातलं काही तिकडे वळवलं जाणार नाही. शर्यत सुरू होते स्टेटन आयलंडवरून, आणि वादळाने तिथेच वीसहून जास्त माणसं गेली होती. घरांतून चिखल उपसणं चाललं होतं, वीज नव्हती. आणि तिकडे सेंट्रल पार्कमध्ये शर्यतीच्या तंबूंसाठी मोठाले जनरेटर आणून ठेवलेले लोकांनी वर्तमानपत्रात पाहिले. त्या दोन-चार जनरेटरांनी स्टेटन आयलंड उजळलं नसतं. साठ लाख लिटरने मराठवाडा भिजला नसता, तसंच. पण अंधारात बसलेल्या माणसाला ते बघून काय वाटलं असेल, हे तिथल्या लोकांना कळलं. शर्यतीच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी संध्याकाळी, ती रद्द झाली. १९७० पासून पहिल्यांदा.

आणि मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. रविवारी सकाळी कितीतरी धावपटू, ज्यांची वर्षभराची तयारी वाया गेली होती, पाठीवर सामान बांधून बोटीने स्टेटन आयलंडला गेले आणि घरोघरी मदत वाटत फिरले. शर्यत गेली म्हणून त्यांनाही वाईट वाटलंच असणार. पण आधी कोण आणि नंतर कोण, हे समजायला त्यांना न्यायालयात जावं लागलं नाही.

भाच्याला काल फोन केला. परातीचं त्याला खरंच आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं ते वेगळंच: आमच्याकडे टीव्हीवर पुण्याचा सामना बघताना त्याने मला विचारलं होतं, हे लोक आपल्या गावात का नाही खेळत, आणि मी म्हणाले होते, आजीला पाणी मिळावं म्हणून. हे मी तितकंसं बरोबर सांगितलं नव्हतं, ते आज त्याला नीट सांगितलं. आजीला ते पाणी मिळणार नव्हतं. पण आजीची पाळी मैदानाच्या आधी आहे, एवढं त्या वर्षी मोठ्या माणसांनी कबूल केलं होतं.

मेसेज त्याने ग्रुपवरून काढला. त्याआधी तो त्याने क्लासच्या दोन ग्रुपवर पाठवला होता, तिथे हे टाकतो म्हणालाय.